हिरवी साडी आधी

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर गंमत म्हणून वाचतो. निम्म्या किश्शांत मला वायरिंगचा लूज कॉन्टॅक्ट दिसतो आणि उरलेल्या निम्म्यांत झोप न झालेला माणूस. माझं कामच तसं आहे. वायफाय डोळ्यांना दिसत नाही, तरी ते कुठवर पोचतं, किती ताकदीचं आहे, मध्येच का तुटतं, हे सगळं मी मोजून दाखवू शकतो. जे मोजता येत नाही त्याच्या नादी मी लागत नाही. आजही लागलेलो नाही. फक्त एक गोष्ट घडली, ती मी जमेल तितकी मोजली, आणि मोजूनही ती जागची हलली नाही... म्हणून लिहितोय.

मी प्रमोद. वय एक्केचाळीस. आम्ही मूळचे कन्नड तालुक्यातले, शेती अजून थोरला भाऊ बघतो. मी आधी बिडकीनला एका कंपनीत नेटवर्क सांभाळत होतो. गेली सहा वर्षं छत्रपती संभाजीनगरच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात आहे – हो, औरंगाबादच, अजून निम्मे पाहुणे फोनवर तेच म्हणतात. हॉस्पिटलचं नाव देत नाही. ज्या गावात हे घडलं त्याचंही देत नाही. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं, टेकडीच्या पोटात बसलेलं गाव आहे एवढं पुरे.

आमच्या हॉस्पिटलची गाडी आठवड्यातून दोनदा खेड्यापाड्यांत तपासणी कॅम्प घेऊन जाते. डॉक्टर, नर्स, औषधांची पेटी, आणि मी. माझं काम म्हणजे तिथं इंटरनेट उभं करणं. पेशंटची नोंद टॅबवर होते, ईसीजी काढला की तो शहरातल्या हार्टच्या डॉक्टरांना जातो, ते तिथून बघून सांगतात. नेट नसेल तर निम्मा कॅम्प हातावर हात ठेवून बसतो.

त्यासाठी माझ्याकडं ट्रॅव्हल राउटर असतो. तळहातावर मावेल एवढा डबा, पॉवर बँकेवर चालतो. त्याची गंमत अशी की आपले टॅब, ईसीजीचं मशीन, प्रिंटर या सगळ्यांना तो एकच ठरलेला वायफाय देतो. आणि स्वतः मात्र जिथं जे मिळेल ते इंटरनेट उचलतो. कधी डोंगल, कधी ग्रामपंचायतीचं वायफाय, कधी कुणाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. लॅपटॉपवर त्याचं पान उघडायचं, स्कॅन दाबायचं, आसपासच्या वायफायच्या नावांची यादी येते. त्यातलं एक निवडायचं, पासवर्ड टाकायचा, झालं. दोन मिनिटांचं काम आहे. मी डोळे मिटून करतो.

आता वसुधा सिस्टरांबद्दल सांगायला हवं.

वसुधा सिस्टर आमच्या कॅम्पच्या मुख्य नर्स. सत्तावन्न वर्षांच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र बसस्टँडवर अनाउन्समेंट करावी असा. रिटायरमेंटला वर्षभर राहिलेलं. रांगेतून एक चक्कर मारली की त्यांना कळायचं कुणाला आत आधी घ्यायचं. बीपीचं मशीन नंतर तेच सांगायचं. डॉक्टर लोकसुद्धा त्यांनी बोट दाखवलं की वाद घालत नसत.

त्यांचा जुना मोबाइल हा माझा पहिला आधार होता. त्यांच्या कंपनीचं नेटवर्क आडगावातही बऱ्यापैकी पकडायचं, म्हणून बहुतेक कॅम्पला मी त्यांचाच हॉटस्पॉट राउटरला जोडायचो. एकदा त्यांना कळलं की हॉटस्पॉटचं नाव आपल्याला हवं ते ठेवता येतं. मग काय... मी कोपऱ्यात लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेला, हाक मारली तर ऐकू न येणारा. बाईंनी शक्कल काढली. एके दिवशी स्कॅन दाबला तर यादीत नाव – ‘प्रमोद जेवून घे’. रोमन अक्षरांत, सगळी कॅपिटल. मी हसत सुटलो. त्या खिडकीतून बघत होत्या.

तेव्हापासून ती सवयच झाली. ‘गाडी ४ ला’, ‘शाई संपली’, कधी ‘टोकन १२ आधी’. म्हणजे मी रजिस्ट्रेशनच्या टेबलाला सांगून बारा नंबरला पुढं काढायचं. मी म्हणायचो, "सिस्टर, तुम्ही नाव बदललं की माझं कनेक्शन तुटतं, परत जोडावं लागतं."

"मग जोड की. तेवढंच काम आहे तुला," असं त्यांचं उत्तर.

पासवर्ड मात्र त्यांनी कधी बदलला नाही. तो मीच ठेवून दिला होता, आणि आम्हा दोघांशिवाय तो कुणाला माहीत नव्हता.

एका शुक्रवारी त्या ड्युटी करून घरी गेल्या आणि रविवारी मेंदूत रक्तस्राव झाला. सोमवारी सकाळी गेल्या. आमच्याच हॉस्पिटलात, आयसीयूत. रविवारी मी कामावर, खाली सर्व्हर रूममध्ये होतो. दोन मजले चढून भेटायला जायचं धाडस झालं नाही, हे इथं कबूल करतो. संध्याकाळपर्यंत जाऊ म्हटलं, आणि...

पंधरा दिवसांनी कॅम्प परत सुरू झाले. राउटर चालू केला की तो आधी त्यांचा हॉटस्पॉट शोधायचा, मिनिटभर थांबायचा, मग पुढचं बघायचा. ते थांबणं मला सहन होईना. शेवटी एक दिवस सेव्ह केलेल्या यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं. ‘खात्री आहे का?’ असं विचारतो तो. हो म्हटलं.

त्यानंतर सातेक महिन्यांनी तो राउटर पाण्याच्या जारखाली भिजून मेला. क्रांती चौकाजवळच्या आमच्या नेहमीच्या दुकानातून नवीन मागवला, वेगळ्या कंपनीचा. कॅम्पच्या आदल्या संध्याकाळी हातात आला. घरी उघडलाच नाही. म्हटलं, तिथंच लावू. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं लोक विचारतात – जुनं काहीतरी त्यात सेव्ह असेल. नव्हतं. सीलबंद खोकं मी कॅम्पच्या टेबलावर फोडलं आणि फोडताना डॉक्टर तेजस्विनी समोर होत्या.

डॉक्टर तेजस्विनी आमच्याकडं नव्या. लातूरच्या, जेमतेम अठ्ठावीस वर्षांच्या, येऊन दोन महिने झालेले. वसुधा सिस्टरांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या त्या नावांच्या खेळाबद्दलही काही माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

हिवाळ्याचे दिवस, साडेअकराची वेळ. गावातलं समाजमंदिर, दगडी भिंती, वर पत्रा. आत टेबलं मांडलेली, बाहेर कडुनिंबाखाली रांग. कापूस वेचणी चालू असूनही ऐंशीच्या आसपास टोकन गेलेली. आणि नेटवर्क शून्य. डोंगलवर एक कांडी यायची नि जायची. आमचे ड्रायव्हर रफीकभाई म्हणाले, "प्रमोदभाई, उधर टेकडी के बाजू आरा नेटवर्क. मेरा मोबाइल गाडी के छत पे रखूं क्या?"

"रखो," म्हटलं. गाडी चाळीसेक पावलांवर उंचवट्यावर नेली, मोबाइल टपावर ठेवला, हॉटस्पॉट चालू. तेवढ्या अंतरावरून सिग्नल कमजोर येणार हे दिसतच होतं, पण काही नसण्यापेक्षा बरं.

मी नवीन राउटरला पॉवर दिली. आमच्या वायफायचं नाव नि पासवर्ड टाकला, टॅब जोडून घेतले, ईसीजीचं मशीन जोडलं. मग बाहेरच्या इंटरनेटसाठी स्कॅन दाबला.

यादीत तीन नावं आली.

पहिलं रफीकभाईंचं, एक कांडी. दुसरं ग्रामपंचायतीचं, जे कधीच चालत नाही. आणि तिसरं, पूर्ण सिग्नल, म्हणजे अगदी खोलीतच असल्यासारखं –

‘हिरवी साडी आधी’.

रोमन अक्षरांत. सगळी कॅपिटल.

पहिला विचार काय आला सांगू? राग आला. वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. दुसऱ्या क्षणी कळलं की चेष्टा करायला कुणाला ठाऊकच नाही. मी स्कॅन परत दाबला. यादी पुसली गेली, पुन्हा भरली. तेच. तिसऱ्यांदा दाबला. तेच.

डॉक्टर तेजस्विनी शेजारी उभ्या राहून हातमोजे घालत होत्या. त्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हिरवी साडी आधी? हे कसलं नाव? गावात काही सिरीयल बघतात का लोक?"

म्हणजे मला एकट्याला दिसत नव्हतं.

लॅपटॉप तसाच ठेवून उठलो. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. लाल, पिवळ्या, जांभळ्या, चट्ट्यापट्ट्याच्या साड्या... हिरवी एकही नाही. परत मोजलं. नाही. खरं सांगतो, इतकं हलकं वाटलं! म्हटलं, बघ, काही नाही. योगायोगानं कुणाच्यातरी मोबाइलचं नाव असेल.

आणि वळलो तर समाजमंदिराच्या मागच्या अंगाला, हातपंपाच्या ओट्यावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या. गडद हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून. टोकनचा कागद त्यांनी ओट्यावर दगडाखाली ठेवून दिला होता नि चपला पायात सरकवत होत्या. घरी निघाल्या होत्या.

"मावशी, कुठं चालल्या?"

"घरी. माझा नंबर लई लांब हाय, बाबा. बासष्ट. पित्ताची गोळी मागायची व्हती, ती काय उद्या बी घेता येती. शेतात बाया लावल्यात वेचणीला."

"काय होतंय?"

"काय नाय. सकाळपून जळजळतंय. पाठीत जरा कळ येती, इथून." त्यांनी खांद्याच्या मागं हात नेला. तिथून तो जबड्यापर्यंत आणला. "दात बी ठणकतोय. रात्रीचं वांगं बाधलं आसंल."

थंडी इतकी की मी जर्किन घालून होतो. त्यांच्या कपाळावर, ओठांवर घामाचे थेंब होते.

मी काही डॉक्टर नाही. सहा वर्षं कॅम्पमध्ये बसून कानावर जेवढं पडलं तेवढंच. पण घाम बघितला आणि दगडाखालचा टोकनचा कागद उचलला. म्हटलं, "चला, मॅडमनी तुम्हालाच बोलावलंय आधी."

"मला? माझं नाव काय ठाव त्यांला?"

"हिरव्या साडीवाल्या मावशी म्हणाल्या."

हे मी खोटं बोललो की खरं, मला आजही ठरवता येत नाही.

त्या कुरकुरत उठल्या. दोन पावलं चालल्या आणि माझ्या दंडाला धरून थांबल्या. "जरा दमानं, बाबा." रांगेतल्या एका माणसानं आवाज दिला, "ओ साहेब, आमी काय झक मारतोय का सकाळपून?" मी त्याच्याकडं बघितलंही नाही.

आत नेऊन कॉटवर झोपवलं. डॉक्टर तेजस्विनींनी नाव विचारलं. गयाबाई. मला नजरेनंच विचारलं, ही मध्येच का? मी म्हटलं, "मॅडम, एक ईसीजी काढा. पटलं नाही तर मला नंतर बोला." त्यांनी नाडीवर हात ठेवला, दुसरा प्रश्न न विचारता तारा लावल्या. मशीनमधून कागद यायला लागला. त्या कागदाकडं बघताना त्यांचा चेहरा कसा बदलला ते मी समोरून पाहिलं.

माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "प्रमोद दादा, हा अटॅक आहे. मोठा आहे. मला आत्ता हा हार्टच्या सरांना पाठवायचाय आणि त्यांच्याशी बोलायचंय. मला नेट द्या."

त्यांनी गोळ्या काढून गयाबाईंना चावायला दिल्या. आणि मी लॅपटॉपसमोर बसलो.

रफीकभाईंचं नाव निवडलं. जोडलं गेलं, तुटलं. परत निवडलं. जोडलं, फाइल निघाली, दहा टक्क्यांवर अडकली, तुटलं. डोंगल घातलं, शून्य. मागून डॉक्टरांचा आवाज – "दादा?" आणि यादीत ते तिसरं नाव तसंच, पूर्ण सिग्नल घेऊन उभं.

मी त्यावर क्लिक केलं. पासवर्ड मागितला. मी सिस्टरांचा पासवर्ड टाकला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काय करायचं ते लख्ख ठाऊक होतं.

राउटरचा दिवा पिवळ्याचा पांढरा झाला. जोडलं गेलं. ईसीजी तीन सेकंदांत गेला. मिनिटाभरात शहरातून सरांचा व्हिडिओ कॉल आला, चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. त्या गावात मी इतकं चांगलं नेट ना आधी पाहिलं ना नंतर. सर म्हणाले, कन्नडच्या सरकारी दवाखान्यात न्या, गाठ विरघळवायचं इंजेक्शन तिथं आहे, मी आत्ता तिथं बोलून ठेवतो, अँब्युलन्सची वाट बघत बसू नका, तुमच्याच गाडीतून काढा.

रफीकभाईंनी गाडी दारात लावली. मी आणि गावातल्या दोघांनी गयाबाईंना उचलून मधल्या सीटवर आडवं केलं. डॉक्टर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन खाली बसल्या. गयाबाई तेवढ्यातही म्हणत होत्या, "आरं वेचणीच्या बायांला सांगा कुनीतरी..."

"अम्मा, फिकर नक्को करो. बीस मिनट में पोचाता," रफीकभाई म्हणाले, आणि खरंच वीस मिनिटांत पोचवलं त्यांनी. तो रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

गाडी वळणापलीकडं गेल्यावर मी आत आलो. राउटरचा दिवा पुन्हा पिवळा झाला होता. स्कॅन दाबला. यादीत फक्त ग्रामपंचायत. अर्धा तास मी दर दोन मिनिटांनी दाबत राहिलो. काही आलं नाही.

गयाबाई वाचल्या, हे आधी सांगून टाकतो. कन्नडला इंजेक्शन मिळालं, तिथून त्याच दुपारी संभाजीनगरला आणलं, दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. सर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर शेताच्या बांधावरच आटोपलं असतं.

आता माझं काम सुरू झालं. असल्या गोष्टीला ‘चमत्कार’ म्हणून नमस्कार करणाऱ्यांतला मी नाही. मी शोधायला लागलो.

राउटर आपली एक डायरी ठेवतो – कधी, कशाशी, किती वेळ जोडलं. ती उघडली. अकरा बावन्नला जोडलं, चौदा मिनिटांनी तुटलं. म्हणजे ते माझ्या डोक्यात घडलं नव्हतं. शिवाय समोरच्या यंत्राचा नंबर त्यात नोंदला जातो. प्रत्येक मोबाइलच्या वायफायला कारखान्यातून एक लांबलचक नंबर मिळतो, गाडीच्या चेसिस नंबरसारखा. हल्लीचे मोबाइल तो लपवतात, जुने लपवत नसत. सिस्टरांचा मोबाइल जुना होता. आणि माझ्या लॅपटॉपवर भिजलेल्या राउटरच्या सेटिंगचा बॅकअप होता – त्यांचं नाव काढून टाकण्याच्या आधी घेतलेला.

दोन्ही नंबर मी शेजारी शेजारी लावले. बारा अक्षरं. बाराच्या बारा सारखी.

माझ्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून बिडकीनच्या जुन्या मित्राला दोन्ही फाइल पाठवल्या, काही न सांगता. त्याचं उत्तर आलं, "एकच मोबाइल आहे ना हा? मग प्रॉब्लेम काय आहे?"

म्हटलं ठीक आहे, मोबाइल कुणाकडं तरी गेला असेल. विकला असेल, कुणाला दिला असेल, तो माणूस त्या दिवशी गावात असेल. पासवर्ड, नाव, तसंच राहिलं असेल... नाव तसंच राहील कसं, हा प्रश्न बाजूला ठेवून मी रविवारी सकाळी सिस्टरांच्या घरी गेलो. सिडकोत छोटं बैठं घर आहे. त्यांचे मिस्टर, आम्ही काका म्हणतो, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. पूजाअर्चा घरात होती ती सिस्टरांची. काका स्वतः देवाला हात जोडताना मी कधी पाहिले नाहीत.

"काका, सिस्टरांचा मोबाइल कुठंय?"

त्यांनी काही न विचारता कपाटातून स्टीलचा डबा काढला. त्यात चष्मा, घड्याळ, आयकार्ड, आणि मोबाइल. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलेलं, काचेला आडवी भेग. चार्जर लावून बघितला. काहीच नाही. सिमकार्डची जागा रिकामी.

"सिम मी दुसऱ्याच महिन्यात बंद करून टाकलं," काका म्हणाले. "फोन त्या दिवसापासून इथंच आहे. किल्ली माझ्या जानव्याला. का रे?"

सांगावं की नाही, मी रस्ताभर ठरवत आलो होतो. ठरलं नव्हतं. तरी सांगितलं. सगळं, स्क्रीनवर आलेल्या नावापासून. काका खुर्चीत ताठ बसून ऐकत होते, फायलीवरची टिपणी ऐकावी तसे. मध्ये एकदाच बोलले. "मलाही करायची ती असं. मी पेपर वाचत बसलो की ऐकू येत नाही म्हणून. एकदा मोबाइल उघडला तर वायफायमध्ये ‘गॅस बंद करा’." आणि हसले. हसता हसता चष्मा काढून पुसत राहिले, बराच वेळ.

मग म्हणाले, "बाई वाचली ना?"

"वाचली."

"मग बस झालं. चहा टाकतो."

त्या दिवशी मी त्यांना आयसीयूतलं सांगितलं. दोन मजले चढून आलो नाही ते. नऊ महिने कुणाला बोललो नव्हतो. काका म्हणाले, "अरे, तिला शुद्धच नव्हती. आला असतास तर रिपोर्ट वाचत बसला असतास." बस, एवढंच. पण घरी जाताना छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, हे खरं.

डॉक्टर तेजस्विनींनाही नंतर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा, मी नाव वाचलंय, मोठ्यानं वाचलंय. कुणी विचारलं तर सांगेन. त्यापुढं मला विचारू नका, मला परीक्षेचा अभ्यास करायचाय." मला ते उत्तर आवडलं.

तुम्ही खाली कमेंटमध्ये काय लिहिणार ते मला ठाऊक आहे. नंबर नक्कल करता येतो – हो, येतो. मला स्वतःला करता येतो. पण त्यासाठी सिस्टरांचा नंबर, पासवर्ड आणि त्यांची नाव ठेवायची तऱ्हा, तिन्ही माहीत असलेला माणूस त्या गावात, त्या वेळी, चालू नेटवर्क घेऊन बसलेला लागेल, आणि त्याला हातपंपाच्या ओट्यावरच्या बाईला काय होतंय हे डॉक्टरच्या आधी कळलेलं लागेल. असा माणूस एकच होता, तो म्हणजे मी. आणि मी ते केलेलं नाही. माझ्या डोक्यानं आधीच गयाबाईंचा घाम टिपला असेल, असंही एकानं सुचवलं. असेल. पण माझ्या डोक्यातून वायफाय बाहेर पडत नाही. पडत असतं तर हॉस्पिटलनं डोंगल दिलं नसतं.

म्हणून मी भुताखेतांवर विश्वास ठेवायला लागलोय असं नाही. कॅम्पला जातो, राउटर लावतो, स्कॅन दाबतो. यादीत जी नावं असतात तीच असतात.

महिन्याभरानं गयाबाई तपासणीला हॉस्पिटलात आल्या होत्या, सुनेला घेऊन. मला ओपीडीच्या व्हरांड्यात बघून थांबल्या. चेहऱ्यावर चांगलं तेज आलेलं.

"ये बाबा, तूच ना त्यो? त्या दिशी माझा हात धरून नेलंस."

"हो मावशी. बरं वाटतंय ना?"

"झ्याक. पन मला येक सांग. मी मागल्या अंगाला बसले व्हते. मॅडम तर आत व्हत्या. त्यांला मी दिसले कशी?"

मी म्हटलं, "मॅडमना नाही दिसलात. आमच्या एक सिस्टर आहेत जुन्या. त्यांनी सांगितलं, हिरवी साडी आधी घ्या."

"आसं व्हय." त्यांनी पदर सावरला, सुनेच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली. पिशवीत ताजी मेथी होती, तिचा वास येत होता. "मग भेटव की त्यांला. पाया तरी पडते. त्यांच्यासाठी बी येक जुडी आनलीय आसं समज."

मी आत ड्युटी रूमकडं बघितलं. दार उघडं होतं, टेबलावर रजिस्टर पडलेलं, खुर्ची रिकामी.

"त्या आज नाहीत, मावशी."

"बरं," गयाबाई म्हणाल्या, आणि एक जुडी काढून माझ्या हातात दिली. "त्यांला दे. म्हनावं, पुढल्या टायमाला भेटंन."